मधुमेहाची पूर्वसूचना आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या नळदुर्ग येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनात दरवर्षी शिक्षण, विवाह आणि व्यवसाय या तीन विषयांवर व्याख्याने होतात. यंदा आरोग्यावर कोणी तरी बोलावे असे कार्यकारी मंडळाने ठरविले आणि ते काम आमच्याकडे सोपविले. आम्ही डॉक्टर नव्हे. जन्मभर मुलांना गणित शिकविलेले शिक्षक आहोत. यास्तव औषधोपचाराविषयी आम्ही काहीही सांगणार नाही. तो तज्ज्ञांचा प्रांत आहे. परंतु प्रौढ वयात जडणाऱ्या मधुमेहाचा धोका आधीच ओळखण्याची जी एक रीत आज उपलब्ध आहे ती साध्या बेरजेची आहे, आणि त्या बेरजेतील एक आकडा केवळ आपल्या घरातच सापडतो. तो आकडा आपण लपवून ठेवतो. आजच्या बोलण्याचा रोख त्या एका गोष्टीकडे आहे.

मधुमेह हा शब्द आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन भेद सांगितले आहेत. एक जन्माबरोबर आलेला आणि दुसरा अपथ्याने ओढवून घेतलेला. एवढेच नव्हे, तर निर्धन रोग्याने शंभर योजने चालावे किंवा विहीर खणावी, असा उपायही त्या ग्रंथात दिला आहे. वारसा आणि राहणी ही या रोगाची दोन मुळे आपल्या पूर्वजांनी ओळखली होती, हे त्यावरून स्पष्ट होते. आजचे शास्त्र अधिक बारकाईने बोलते, परंतु तेही याच दोन मुळांशी येऊन थांबते.

आपण खाल्लेल्या अन्नाची पोटात साखर होते व ती रक्तात उतरते. रक्तातून ती शरीराच्या पेशींत शिरावी यासाठी स्वादुपिंडात तयार होणाऱ्या इन्सुलिन या द्रव्याची गरज असते. काही जणांत, बहुधा लहान वयात, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. हा पहिला प्रकार होय. दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन असते, पण शरीर त्याला दाद देईनासे होते. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडून काही वर्षे निभावून नेते आणि अखेरीस थकते. प्रौढांत आढळणारा मधुमेह बहुतांशी या दुसऱ्या प्रकारचा असतो. ब्रिटनमधील एका मोठ्या आणि दीर्घ अभ्यासात असे दिसून आले की, रोगाचे निदान होते त्या दिवशीच या पेशींची सुमारे निम्मी शक्ती ओसरलेली असते. म्हणजे रोग आज कळला तरी तो आज आलेला नसतो.

हा रोग शहरांतील श्रीमंतांचा, असा समज आपल्या भागात अजून आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा पहिला भाग २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात महाराष्ट्राचा समावेश होता. राज्यातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले आणि केवळ ग्रामीण भाग घेतला तरी ते ६.५ टक्के होते. त्याच पाहणीचे सबंध देशाचे आकडे २०२३ साली आले, तेव्हा मधुमेही ११.४ टक्के आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले १५.३ टक्के भरले. या मंडपात शंभर प्रौढ बसले आहेत असे धरले, तर या हिशेबाने सुमारे अकरा जण उंबरठ्याच्या आत आणि पंधरा जण उंबरठ्यावर आहेत.

हे इतके दिवस कळत कसे नाही, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यास आपल्या किल्ल्याएवढे उत्तम साधन दुसरे नाही. बोरी नदीवरील बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणी महाल आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पावसाळ्यात जलाशय भरून ओसंडू लागला म्हणजे नर आणि मादी हे दोन्ही धबधबे वाहू लागतात आणि दूरदूरचे लोक ते पाहावयास येतात. पण जलाशय अर्धा भरला, पाऊण भरला, हे धबधबा सांगत नाही. काठोकाठ भरल्यावरच तो बोलतो. लघवीतील साखरेचे असेच आहे. रक्तातील साखर साधारणतः १८० च्या वर चढली म्हणजेच मूत्रपिंडाचा बांध ओलांडून ती लघवीत उतरते. पूर्वी परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घेऊन त्यात लघवीचे थेंब टाकीत आणि ते तापवीत. रंग हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी होत जाई, तसतशी साखर अधिक समजत. त्या परीक्षेने पुष्कळांचे प्राण वाचविले. तथापि ती धबधब्याची परीक्षा होती. वारंवार तहान, वारंवार लघवी, वजन घटणे ही लक्षणेही धबधबाच होत. जलाशयाची पातळी जाणावयाची तर रक्तच तपासावयास हवे.

रक्ताची परीक्षा तीन रीतींनी होते. येथील सर्व आकडे दर डेसिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम साखर, या मापाचे आहेत. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग. पहिली रीत उपाशीपोटी करावयाची. रात्रीच्या जेवणानंतर निदान आठ तास काही न खाता सकाळी रक्त द्यावे. साखर १२६ किंवा अधिक असल्यास मधुमेह. १०० ते १२५ ही उंबरठ्याची अवस्था बहुतेक डॉक्टर मानतात, जागतिक आरोग्य संघटना मात्र तो उंबरठा ११० पासून धरते. दुसऱ्या रीतीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० च्या आत आल्यास ठीक, १४० ते १९९ उंबरठा, २०० किंवा अधिक म्हणजे मधुमेह. पुष्कळांची उपाशीपोटीची साखर बरी असते आणि जेवणानंतरची बिघडलेली असते. असे लोक पहिल्या परीक्षेतून निसटतात आणि दुसरीत सापडतात.

तिसरी रीत एचबीए१सी या नावाची. रक्तातील साखर तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते आणि पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्यामुळे मागील दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब त्यावरून निघतो. मधुमेह्यांच्या रक्तातील या निराळ्या हिमोग्लोबिनकडे तेहरान येथील सॅम्युएल रहबर या शास्त्रज्ञाने १९६८ च्या सुमारास लक्ष वेधले. ६.५ टक्के किंवा अधिक म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ उंबरठा. या परीक्षेस उपास लागत नाही. मात्र रक्तक्षय असला तर ती फसवू शकते, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. यास्तव आपल्या भगिनींनी एवढ्या एका आकड्यावर विसंबू नये. आपणांस रक्तक्षय आहे हे डॉक्टरांना आधी सांगावे.

घरोघरी आता बोटाला टोचून साखर दाखविणारे ग्लुकोमीटर आले आहे. ते उपचार चालू असलेल्यांना मार्गदर्शक आहे. निदान त्यावर करू नये. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० च्या वरच्या साखरेस त्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. म्हणजे खरी साखर १२० असता यंत्राने १०२ दाखविली काय किंवा १३८ दाखविली काय, ते यंत्र निर्दोषच ठरते. शिवाय टोचण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करावे. प्रसादाचा पेढा खाल्लेले बोट तसेच टोचले, तर यंत्र पेढ्याचीही साखर मोजील. शिरेतून घेतलेल्या रक्ताची प्रयोगशाळेत परीक्षा व्हावी, आणि लक्षणे नसतील तर ती एकदा वाढलेली आढळल्यावर पुन्हा करून खात्री व्हावी, हा नियम आहे.

आता पूर्वसूचनेकडे वळू. प्रत्येकाचे रक्त वारंवार तपासणे खर्चाचे आहे. मग आधी कोणाचे तपासावे? मद्रास म्हणजे आजच्या चेन्नईतील डॉ. व्ही. मोहन व त्यांचे सहकारी यांनी तेथील हजारो लोकांची तपासणी करून २००५ साली एक गुणपत्रिका प्रसिद्ध केली. भारतीय मधुमेह धोका गुणांक असे तिला म्हणता येईल. तिच्यात चारच प्रश्न आहेत. वय ३५ च्या आत असल्यास शून्य, ३५ ते ४९ असल्यास २०, पन्नाशी गाठल्यास ३०. कंबरेचा घेर स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत व पुरुषाचा ९० च्या आत असल्यास शून्य. त्यापुढील दहा सेंटिमीटरांत १०. त्याहून अधिक असल्यास २०. भरपूर व्यायाम आणि अंगमेहनत असल्यास शून्य, दोन्ही नसल्यास ३०, मधल्यांस मधले गुण. आईबापांपैकी कोणासही मधुमेह नसल्यास शून्य, एकास असल्यास १०, दोघांस असल्यास २०. एकूण शंभर. बेरीज ३० च्या आत आल्यास धोका कमी, ६० किंवा अधिक आल्यास मोठा. पत्रिका जुळविताना अधिक गुणांचा आपणांस आनंद होतो. या पत्रिकेत जितके गुण कमी तितके बरे.

कंबर मोजताना धोतराची वा विजारीची गाठ जेथे बसते तेथे फीत लावू नये. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, फीत न आवळता माप घ्यावे. ८० सेंटिमीटर म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच, ९० म्हणजे सुमारे साडेपस्तीस.

ही बेरीज म्हणजे निदान नव्हे, हे पक्के ध्यानात असावे. चेन्नईतील त्या मूळ अभ्यासात, मधुमेह असूनही ठाऊक नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ७२ जण साठीच्या वर सापडले. २८ जण निसटले. उलट साठीच्या वर गुण पडलेल्या शंभरांत प्रत्यक्ष मधुमेही सुमारे १७ निघाले. म्हणून साठ गुण पडले तर घाबरू नये, रक्त तपासून घ्यावे. आणि तिसांच्या आत पडले तरी निर्धास्त राहू नये. आशा कार्यकर्ती घरी येऊन जो आरोग्याचा तक्ता भरते, त्यातही याच धर्तीचे प्रश्न आहेत, आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी सरकारी आरोग्यकेंद्रात विनामूल्य व्हावी अशी योजना आहे. ती घरी आली तर "सगळे ठीक आहे" असे सांगून तिला दारातून परत पाठवू नये. गावातीलच बाई शिकून गावाचे आरोग्य सांभाळू शकते, हे आपल्या शेजारच्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने "भारतवैद्य" तयार करून दाखविले आहे.

आता चौथ्या प्रश्नाकडे या. वय कागदावर आहे, कंबर फितीवर आहे, मेहनत ज्याची त्याला ठाऊक आहे. आईबापांचा रोग मात्र आईबापांनी सांगितला तरच कळतो. आमच्या परिचयातील एका घरी मातोश्रींना मधुमेह जडला तेव्हा धाकटी मुलगी उपवर होती. स्थळे फिरतील या भयाने हे नवरा-बायकोंनी आपसातच ठेवले. गोळ्या तांदळाच्या डब्यात असत आणि पाहुणे येत त्या दिवशी घेतल्या जात नसत. थोरला मुलगा तेव्हा ३८ वर्षांचा, दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा, अंगाने सडपातळ, कंबर नव्वदच्या आत. एका शिबिरात त्याची गुणपत्रिका भरली. वयाचे २०, बैठकीचे ३०. आईवडिलांना मधुमेह आहे काय, असे विचारता त्याने मनापासून "नाही" म्हणून सांगितले. बेरीज ५० झाली. साठ व त्यावरच्यांना रक्ततपासणीस पाठवीत होते; हा घरी परतला. तीन वर्षांनी पायाची जखम भरेना म्हणून रक्त तपासले, तेव्हा साखर २०० च्या पुष्कळ वर होती. आईचे दहा गुण त्याला ठाऊक असते तर तो त्याच दिवशी रांगेत उभा राहिला असता. मुलीचे लग्न झाले, ते उत्तम झाले; पण त्याची किंमत मुलाने दिली, आणि आपण ती देत आहोत हे त्याला ठाऊकही नव्हते.

"मुलगा तर सडपातळ होता!" असे पुष्कळांनी तेव्हा म्हटले. या शंकेचे उत्तर पुण्याने दिले आहे. तेथील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत गरोदर स्त्रियांचा व पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. या गावांतील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधील बाळांचे सुमारे साडेतीन. मात्र आपली बाळे हाडामांसाने जितकी कमी, तितकी चरबीने कमी नव्हती. दिसावयास कृश, पण आतून चरबीयुक्त, असे हे रूप होय. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! यास्तव काट्यावरील वजन पाहून भारतीयाने समाधान मानू नये. फीत आणि रक्त काय सांगते ते पाहावे.

या अभ्यासातून आणखी एक बोध निघतो. मधुमेहाच्या प्रतिबंधाचा आरंभ आईच्या पोटातच होतो. गरोदर स्त्रीला पोटभर आणि सकस अन्न मिळणे हे पुढील पिढीच्या आरोग्याचे भांडवल आहे. घरात सर्वांच्या शेवटी उरलेसुरले खाण्याची रीत आपण मोडली पाहिजे. प्रत्येक गरोदर स्त्रीची ग्लुकोज पाजून साखर तपासावी असे सरकारी धोरण आहे. त्या काळात साखर वाढलेली आढळली आणि बाळंतपणानंतर उतरली, म्हणून प्रकरण मिटले असे समजू नये. अशा स्त्रीला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांहून पुष्कळ अधिक असतो. तिने नियमाने तपासत राहावे आणि घरच्यांनी तिला त्याची आठवण द्यावी.

"आधी कळून तरी काय उपयोग? नशिबात असेल ते होणारच," असे म्हणणारे आहेत. त्यांच्यासाठी एक आकडा सांगतो. भारतातच, डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी उंबरठ्यावरील ५३१ लोकांचे गट करून त्यांस तीन वर्षे पाहिले. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांस नेहमीचाच सल्ला मिळाला त्यांच्यापैकी ५५ टक्के मधुमेही झाले. ज्यांचा आहार सुधारला आणि ज्यांना नियमित चालावयास लावले, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्क्यांवर आले. शंभरांत सुमारे सोळा माणसे केवळ पायांच्या आणि ताटाच्या जोरावर उंबरठ्यावर थोपविली गेली. कोजागरीस सोलापुराहून तुळजापुरापर्यंत हजारो माणसे चालत जातात. ती श्रद्धा वंद्यच आहे. पण शरीरास वर्षातून एकदाची वारी पुरत नाही, त्याला रोजचा अर्धा तास हवा असतो. भाकरी आपल्या ज्वारीची असली तरी तीही मोजूनच खावी, आणि भाजी-डाळ वाढवावी.

बंधुभगिनींनो, या सर्वांतून आपल्या मंडळासमोर आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली सूचना घराघरासाठी. कुलदैवत, गोत्र, सोयरे आणि पाच-पाच पिढ्यांची नावे आपण मुखोद्गत सांगतो. पण आजोबा कशाने गेले असे विचारले, तर "म्हातारपणाने" एवढेच उत्तर मिळते. वंशावळीच्या वहीत प्रत्येक नावापुढे कोणता रोग, कोणत्या वयात, याची एक ओळ लिहावी. मुलगे-मुली जाणते झाले की त्यांना ती वाचून दाखवावी, आणि मुलीच्या पाठवणीत तिची एक प्रत द्यावी. ते तिचेही माहेरचे धन आहे.

दुसरी सूचना मंडळासाठी. पुढील संमेलनापासून नावनोंदणीच्या मेजाशेजारी एक फीत आणि चार प्रश्नांचा कागद असावा, आणि साठ व त्यावरच्यांची रक्ततपासणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावी. निकाल ज्याचा त्याच्या हाती द्यावा. तो व्यासपीठावरून वाचू नये, स्मरणिकेत छापू नये, आणि विवाह समितीच्या दप्तरात तर मुळीच जाऊ देऊ नये. गुप्ततेची ही हमी नसेल, तर हा उपक्रम न केलेला बरा.

तिसरी सूचना वरपक्ष आणि वधूपक्ष या दोघांसाठी. आईबापाचा मधुमेह हे स्थळ नाकारण्याचे कारण होऊ नये. गणितच पाहा. एका पालकाच्या रोगाचे गुण शंभरांत १०, आणि बसून राहण्याचे ३०. नाकारावयाचेच ठरविले, तर मधुमेही मातेच्या कष्टाळू कन्येपेक्षा गादीवरून न उठणारा वर तिपटीने नाकारण्याजोगा ठरेल! वारशाचे दहा गुण कोणास पुसता येत नाहीत. आळसाचे तीस ज्याचे त्याला उतरविता येतात. ज्या दिवशी आपला समाज हे समजेल, त्या दिवशी गोळ्या तांदळाच्या डब्यातून उघड्या फडताळावर येतील आणि कोणा मुलाची बेरीज दहाने चुकणार नाही.

वडीलधाऱ्यांस आमची हात जोडून विनंती आहे. घरदार, जमीन, दागिने यांची वाटणी आपण मुलांना वेळेवर सांगतो. शरीरातून जे त्यांना दिले आहे, तेही वेळेवर सांगावे. आज रात्री घरी गेल्यावर सांगितले तर उत्तमच.

 श्रीखंडोबा आणि आई तुळजाभवानी आपणां सर्वांस दीर्घ आणि निरामय आयुष्य देवोत, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.